मोठा रेपो, कच्चं नेट: क्लोन अर्ध्यात तुटतो तेव्हा

टर्मिनलवर “रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स: ८७%” दिसत असतं, वेग सेकंदाला दीड एमबी धरून असतो, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट क्षणभर टॉवर बदलतो. पुढच्या ओळीत “आरपीसी फेल्ड”, तिच्याखाली “अर्ली ईओएफ”, मग “इंडेक्स-पॅक आउटपुट” अवैध असल्याची तक्रार. ज्या फोल्डरमध्ये दोन-अडीच जीबी येऊन पडले होते ते फोल्डरच जागेवर नसतं, कारण क्लोन (म्हणजे सर्व्हरवरच्या रेपोची, इतिहासासकट कोडच्या संग्रहाची, पूर्ण प्रत उतरवणं) फसला की कोडचा इतिहास सांभाळणारं गिट स्वतःच ते पुसून टाकतं. तीच कमांड पुन्हा दिली की मोजणी शून्यापासून सुरू.

सेटअप, पीडीएफ, व्हिडिओ असं काहीही उतरवताना नेट गेलं तर ब्राउझर जिथं थांबला तिथून पुढे उचलतो, आणि आपल्याला तीच सवय असते. गिटचा क्लोन तसा उचलता येत नाही. पण तो तुटला तरी हातात काही उरावं अशी सोय नक्की करता येते. एका मोठ्या उतरवणीऐवजी, प्रत्येक स्वतःत पूर्ण होणाऱ्या अनेक लहान उतरवण्या करायच्या. त्या कशा करायच्या हेच इथे सविस्तर लिहितो आहे. उदाहरण लिनक्स कर्नलच्या रेपोचं घेतलं आहे. दहा लाखांच्या वर कमिट (नोंदवलेले बदल), ऐंशी हजारांच्या वर फाइली, गिटमधला इतिहास एप्रिल २००५ पासून, आणि पूर्ण क्लोन काही जीबींचा. दिवसाला दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर तो एका दिवसात बसतच नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड आणि पत्ते इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टंकायचे. जोडरेघा, टिंबं, तिरक्या रेघा मात्र जशाच्या तशा.

तुटलेला क्लोन पुढे का चालू होत नाही

एचटीटीपीएसवरून क्लोन करताना आपण एखादी तयार फाइल मागत नसतो. गिटची प्रोटोकॉल आवृत्ती दोन, जी २०२० च्या २.२६ पासून आपोआप वापरली जाते, तिच्यात साधारण तीन विनंत्या जातात. पहिलीत सर्व्हर आपल्याला काय काय जमतं ते सांगतो. दुसरीत ब्रँच (कामाच्या फांद्या) आणि टॅग (ठरावीक आवृत्त्यांना दिलेली नावं) यांची यादी येते. तिसरीत आपण म्हणतो, “मला अमुक अमुक कमिट हवे आहेत, माझ्याकडे तमुक आहेत,” आणि त्यावरून सर्व्हर आपल्यापुरता एक पॅक, म्हणजे आवळलेला गठ्ठा, बांधतो. नव्या क्लोनमध्ये आपल्याकडे काहीच नसतं, म्हणून पॅकमध्ये सगळंच येतं.

हा पॅक त्या क्षणी बांधला जातो. कुठला ऑब्जेक्ट (फाइल, फोल्डर किंवा कमिटची साठवलेली नोंद) कुणाच्या तुलनेत फरक म्हणून लिहायचा हे सर्व्हर अनेक थ्रेड लावून ठरवतो, त्यामुळे पुढच्या वेळी तोच मजकूर वेगळ्या क्रमाने, वेगळ्या बाइट्समध्ये येऊ शकतो. “मला १,८०,००,००,०००व्या बाइटपासून पुढचं दे” या मागणीला अर्थच उरत नाही. आणि अर्धा पॅक आपल्याही कामाचा नसतो, कारण पॅकची शेवटची तपास-बेरीज जुळल्याशिवाय गिट त्यातलं काहीही रेपोत जमा करत नाही.

पडद्यावरच्या ओळी वाचायला शिकलं की निम्मी घालमेल कमी होते. ज्या ओळींच्या सुरुवातीला “रिमोट:” असतं (एन्युमरेटिंग, काउंटिंग, कॉम्प्रेसिंग) ते काम सर्व्हरवर चाललेलं असतं. तिथे अडकलं तर तुमच्या नेटचा दोष नाही. “रिसीव्हिंग ऑब्जेक्ट्स” म्हणजे खरी उतरवण. त्यानंतरचं “रिझॉल्व्हिंग डेल्टाज” पूर्णपणे तुमच्या प्रोसेसरवर आणि मेमरीवर चालतं, आणि “अपडेटिंग फाइल्स” तुमच्या डिस्कवर. म्हणजे साध्या क्लोनमध्ये “रिसीव्हिंग” शंभर टक्क्यांवर गेलं की नेट बंद झालं तरी चालतं. जुन्या लॅपटॉपवर कर्नलचं “रिझॉल्व्हिंग” बराच वेळ चालतं, आकडा हलल्यासारखा वाटत नाही, आणि लोक वैतागून कंट्रोल-सी दाबतात. नेटवरचा सगळा खर्च झाल्यावर पाणी सोडण्यासारखं आहे हे. तिथे थांबायचंच.

मेमरी कमी असेल, समजा एक जीबीचा भाड्याचा सर्व्हर, तर याच टप्प्यावर “आउट ऑफ मेमरी” येतं किंवा प्रोसेस नुसतीच मारली जाते. तेव्हा थ्रेड एकावर आणा:

गिट -सी पॅक.थ्रेड्स=१ क्लोन <पत्ता>

वेळ जास्त लागतो, पण मेमरीवरचा ताण उतरतो. स्वॅप (मेमरी म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) नसेल तर तीही जोडा.

दोन उपाय, ज्यांचा उपयोग नाही

“आरपीसी फेल्ड” शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो “एचटीटीपी.पोस्टबफर” ५२४२८८००० करण्याचा. हा सल्ला इतका पसरला आहे की कॉन्फिगमध्ये तो आकडा नसलेला लॅपटॉप शोधावा लागेल. पण हा बफर आपण सर्व्हरला पाठवतो त्या माहितीसाठी आहे, म्हणजे मुख्यतः पुशसाठी. क्लोनमध्ये आपण पाठवतो ते काही केबी. मूळचा एक एमबीचा बफर त्याला पुरून उरतो. आकडा वाढवल्यावर क्लोन झाला असेल, तर त्या वेळी नेट टिकलं म्हणून झाला. वाढवून ठेवल्याचा तोटा असा की लहानसा पुश करतानाही गिट तेवढी मेमरी धरून बसतं. सरळ काढून टाका.

दुसरा सल्ला “कोअर.कॉम्प्रेशन” शून्य करण्याचा. हे सेटिंग तुमच्या मशिनवर लिहिल्या जाणाऱ्या ऑब्जेक्टांना लागू होतं. सर्व्हर पॅक कसा आवळतो यावर त्याचा काडीचाही परिणाम नाही.

चूक सांगणाऱ्या संदेशातला कर्लचा (गिट ज्याच्यामार्फत एचटीटीपी वापरतं त्या साधनाचा) क्रमांक मात्र खरंच उपयोगी असतो. १८ किंवा ५६ म्हणजे जोडणी मध्येच तुटली: नेट, वायफाय, किंवा लांब चालणारी जोडणी कापणारा मधला प्रॉक्सी. ९२ म्हणजे एचटीटीपी/२ चा प्रवाह नीट बंद झाला नाही. काही प्रॉक्सी आणि काही जुन्या कर्ल आवृत्त्या इथे गडबडतात, आणि एक पायरी खाली उतरल्यावर काम होतं:

गिट -सी एचटीटीपी.व्हर्जन=एचटीटीपी/१.१ क्लोन <पत्ता>

तिसरा प्रकार जोडणी न तुटता नुसती गोठण्याचा. आकडा तसाच, चूकही नाही, आणि तासभराने कळतं की काहीच येत नव्हतं. त्यासाठी “एचटीटीपी.लोस्पीडलिमिट” १००० आणि “एचटीटीपी.लोस्पीडटाइम” ६० ठेवा, सलग ६० सेकंद वेग १००० बाइट्सच्या खाली राहिला की गिट स्वतः थांबतं. पुढे सांगितलेल्या तुकड्यांच्या पद्धतीत याचा फार उपयोग होतो, कारण तिथे थांबून पुन्हा सुरू करणं स्वस्त असतं.

कर्नलसाठी सगळ्यात सोपी वाट: बंडल

कर्नल.ऑर्ग चालवणाऱ्यांना ही अडचण ठाऊक आहे, म्हणून त्यांनी रेपोंची बंडलं तयार ठेवली आहेत. बंडल म्हणजे संपूर्ण इतिहास असलेला पॅक आणि त्याच्या डोक्यावर ब्रँच-टॅगांची यादी, सगळं एका स्थिर फाइलमध्ये. फाइल स्थिर असल्यामुळे ती सीडीएनवरून (ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांवरून) कुठल्याही डाउनलोडरने थांबत-थांबत आणता येते. मुख्य रेपोचं बंडल इथे असतं:

एचटीटीपीएस://सीडीएन.कर्नल.ऑर्ग/पब/एससीएम/.बंडल्स/पब/एससीएम/लिनक्स/कर्नल/गिट/टोरवाल्ड्स/लिनक्स.गिट/क्लोन.बंडल

ते “डब्ल्यूगेट -सी” ने आणा. “-सी” म्हणजे जिथं थांबलं तिथून पुढे. दोन-तीन दिवसांचा डेटा पॅक लागला तरी हरकत नाही. एकच जपायचं: बंडलं आठवड्याच्या अंतराने नव्याने बनतात. आज अर्धं आणि पुढच्या आठवड्यात उरलेलं आणलं तर दोन वेगळ्या फाइलींचे तुकडे जोडले जातील, आणि ते बंडल उघडणार नाही. सुरू केलंत की चार-पाच दिवसांत पुरं करा.

तपासण्यासाठी “गिट बंडल व्हेरिफाय” आहे, पण ती कमांड कुठल्यातरी रेपोत उभं राहून द्यावी लागते. एक रिकामं फोल्डर करून त्यात “गिट इनिट” करा आणि तिथून बंडलचा मार्ग द्या. इतिहास पूर्ण आहे असं उत्तर आलं की:

गिट क्लोन क्लोन.बंडल लिनक्स

आता “ओरिजिन” हे नाव त्या बंडलच्या फाइलकडे बोट दाखवत असतं. ते बदला आणि उरलेलं आणा:

गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन एचटीटीपीएस://गिट.कर्नल.ऑर्ग/पब/एससीएम/लिनक्स/कर्नल/गिट/टोरवाल्ड्स/लिनक्स.गिट

गिट पुल ओरिजिन मास्टर

या पुलमध्ये फक्त बंडल बनल्यानंतरचे कमिट येतात. काही वेळा, विशेषतः मित्राने बनवून दिलेल्या बंडलमध्ये, “हेड” (आपोआप उघडायची ब्रँच) नोंदलेलं नसतं आणि क्लोन झाल्यावर फोल्डर रिकामं दिसतं. घाबरायचं कारण नाही. क्लोन करताना “-बी मास्टर” किंवा “-बी मेन” द्या.

बंडल नसेल तर टॅगांच्या पायऱ्या

बहुतेक रेपोंचं असं तयार बंडल कुणी ठेवत नाही. तेव्हा क्लोन सोडून फेचवर या, म्हणजे आपल्याकडच्या रेपोत जे नाही तेवढंच आणणं. हा या लेखातला सगळ्यात कामाचा भाग आहे.

क्लोन फसला की फोल्डर जातं. फेच फसला की फक्त त्या फेचचा अर्धवट पॅक जातो. आधी जे आलं ते शाबूत राहतं. शिवाय प्रत्येक टॅगच्या पोटात त्याच्या आधीचा सगळा इतिहास असतो. म्हणून जुन्या टॅगापासून नव्याकडे चढत गेलं की दर पायरीला फक्त मधला फरक उतरतो:

गिट इनिट लिनक्स

सीडी लिनक्स

गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन <पत्ता>

गिट फेच ओरिजिन टॅग व्ही२.६.२०

मग याच कमांडने व्ही२.६.३०, व्ही३.०, व्ही३.१०, व्ही४.०, व्ही४.१०, व्ही५.०, व्ही५.१०, व्ही६.०. हे टॅग म्हणजे कर्नलच्या वाटेवरचे मैलाचे दगड: ३.० जुलै २०११ चा, ४.० एप्रिल २०१५ चा, ५.० मार्च २०१९ चा, ६.० ऑक्टोबर २०२२ चा. एखादी पायरी फार उंच वाटली, दोनदा तुटली, तर मध्ये अजून टॅग घाला, ५.० आणि ५.१० यांच्यामध्ये ५.१ पासून ५.९ पर्यंत सगळे आहेत. शेवटी:

गिट फेच ओरिजिन

गिट स्विच मास्टर

आणि हातात पूर्ण, धडधाकट रेपो. कुठेही इतिहास छाटलेला नाही. आज तीन पायऱ्या, उद्या दोन, अशी डेटा पॅकप्रमाणे विभागणीही करता येते. कुठल्या रेपोत कोणते टॅग आहेत हे आधी पाहायचं तर “गिट एलएस-रिमोट --टॅग्ज <पत्ता>” पुरे. त्यात फक्त यादी येते.

टॅगच नसलेला रेपो असेल तर हा मार्ग बंद होतो, मग उथळ क्लोनपासून (फक्त अलीकडचा इतिहास आणणाऱ्या) सुरू करून खाली खणत जायचं.

उथळ की बिनब्लॉब

“--डेप्थ=१” दिलं की फक्त टोकाचा एक कमिट आणि त्याच्या फाइली येतात. कर्नलसाठी हे काही जीबींवरून पाव जीबीच्या आसपास खाली येतं. नुसतं बांधून बघायचं असेल, कोड वाचायचा असेल तर बस्स. विशिष्ट आवृत्ती हवी असेल तर “--ब्रँच व्ही६.६” जोडा, या ठिकाणी टॅगचं नावही चालतं.

पुढे इतिहास हवा झाला तर “गिट फेच --डीपन=५०००” ने तुकड्या-तुकड्यांनी वाढवा, किंवा “--शॅलो-सिन्स=२०२४-०१-०१” ने तारखेपर्यंत, आणि सगळाच हवा असेल तर “--अनशॅलो”. उथळ क्लोनमध्ये एक खाच आहे जी महिन्याने टोचते: “--डेप्थ” दिलं की “--सिंगल-ब्रँच” न मागता लागू होतं. नंतर “गिट फेच” कितीही केलं तरी सहकाऱ्याची नवी ब्रँच दिसत नाही. त्यावर उपाय:

गिट रिमोट सेट-ब्रँचेस ओरिजिन '*'

आणि मग पुन्हा फेच.

उथळ रेपो वर्षभर वापरायला ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक फेचला सर्व्हरला तुमची छाटलेली सीमा धरून नव्याने हिशोब करावा लागतो, आणि ते महाग असतं. गिटहबने याच कारणासाठी होमब्रूला (मॅकवर सॉफ्टवेअर बसवणारं साधन) उथळ रेपो अद्ययावत करणं थांबवायला सांगितलं होतं. एकदा बांधून टाकून द्यायचं असेल तिथे उथळ ठीक. रोज काम करायचं तिथे नाही.

रोजच्या कामाला बिनब्लॉब क्लोन चांगला (ब्लॉब म्हणजे फाइलीचा मजकूर):

गिट क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन <पत्ता>

यात सगळे कमिट आणि फोल्डरांची सगळी रचना येते, फाइलींचा मजकूर मात्र लागेल तसा नंतर. “गिट लॉग” पूर्ण चालतो, ब्रँच बदलता येतात. किंमत मोजावी लागते ती “गिट ब्लेम” आणि “गिट लॉग -पी” करताना. जुन्या मजकुराची दर वेळी नेटवरून मागणी होते आणि ट्रेनमध्ये बसून काम करणाऱ्याचं अडतं. हे सर्व्हरने चालू ठेवलेलं असावं लागतं. नसेल तर गिट फिल्टर दुर्लक्षिल्याचा इशारा देतं आणि सगळंच उतरवायला लागतं, म्हणून पहिल्या चार ओळी वाचा आणि इशारा दिसला तर लगेच थांबवा.

बिनब्लॉब क्लोनला नेट दोनदा लागतं: एकदा इतिहासासाठी, दुसऱ्यांदा चालू फाइलींचा मजकूर आणायला. दुसऱ्या वेळी तुटलं तर “क्लोन सक्सीडेड, बट चेकआउट फेल्ड” येतं. डिस्क भरली किंवा विंडोजवर मार्ग फार लांब झाला तरी हाच संदेश येतो. लोक ते फोल्डर उडवून पुन्हा क्लोन करतात. अजिबात करू नका. इतिहास सुखरूप आहे. कारण दूर करा आणि आत जाऊन:

गिट रिस्टोअर --सोर्स=हेड :/

साठ मशिनची लॅब, एकच जोडणी

इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये साठ जणांनी एकाच वेळी कर्नल क्लोन करायला घेतला तर कुणाचाच होत नाही. एका मशिनवर “गिट क्लोन --मिरर” ने रेपोची हुबेहूब नक्कल करा (वर सांगितलेल्या बंडलवरूनही चालेल) आणि तिथून लॅबभर वाटा. माझी पसंती गिटच्या स्वतःच्या डीमनला (मागे चालत राहणाऱ्या लहान सर्व्हरला):

गिट डीमन --बेस-पाथ=/एसआरव्ही/गिट --एक्सपोर्ट-ऑल

तो ९४१८ पोर्टवर ऐकतो, उथळ क्लोनही देतो. त्याला पासवर्ड वगैरे काही नसतं, म्हणून लॅबच्या आतल्या नेटवर्कपुरताच ठेवा. पोर्ट उघडता येत नसेल तर पायथनचा साधा वेब सर्व्हरही चालतो: मिररच्या फोल्डरमध्ये “गिट अपडेट-सर्व्हर-इन्फो”, मग वरच्या फोल्डरमधून “पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००”. ही गिटची जुनी, “मुकी” एचटीटीपी पद्धत. त्यात सर्व्हर नुसत्या फाइली देतो, हिशोब करत नाही, म्हणून “--डेप्थ” दिलं की चूक येते. आणि मिरर ताजा केल्यावर “अपडेट-सर्व्हर-इन्फो” पुन्हा चालवायला विसरलं की विद्यार्थ्यांना जुनीच यादी दिसत राहते. लॅबमधले अर्धे घोळ या एका विसरण्याने होतात.

विद्यार्थ्यांनी आपापल्या मशिनवर “यूआरएल.<लॅबचा पत्ता>.इन्स्टेडऑफ” हे सेटिंग केलं की पुस्तकातली कमांड जशीच्या तशी देऊन माल लॅबमधून येतो. घरी गेल्यावर सेटिंग काढायचं, बस.

जोडणी होतच नाही तेव्हा

मोठी उतरवण सुरू करण्याआधी “गिट एलएस-रिमोट <पत्ता>” देऊन पाहा. पत्ता, पासवर्ड, प्रॉक्सी, सर्टिफिकेट यांतलं काहीही बिघडलं असेल तर पाच सेकंदांत कळतं.

“रिपॉझिटरी नॉट फाउंड” आलं तर आधी पत्त्यातून “/ट्री/मेन” सारखी ब्राउझरची शेपटी काढा. तरीही येत असेल आणि रेपो खाजगी असेल तर तुमच्या खात्याला परवानगी नाही. रेपो आहे हे सुद्धा परक्याला कळू नये म्हणून गिटहब असंच उत्तर देतं. विंडोजवर बऱ्याचदा जुनं खातं साठवलेलं असतं: कंट्रोल पॅनेलच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली गिटहबची नोंद पुसा, म्हणजे नव्याने विचारणा होईल.

गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून एचटीटीपीएसवर खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. पासवर्ड विचारल्यावर तिथे पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन चिकटवायचं. चिकटवताना पडद्यावर एकही ठिपका दिसत नाही; ते तसंच असतं. टोकन पत्त्यातच घालून क्लोन करू नका. ते “.गिट/कॉन्फिग” मध्ये उघड्या अक्षरांत पडून राहतं, शेलच्या हिस्टरीतही जातं, आणि फोल्डर झिप करून कुणाला दिलं की टोकनही त्याच्या हाती. “क्रेडेन्शियल.हेल्पर” म्हणून “स्टोअर” ठेवलं तरी ते साध्या फाइलमध्येच लिहितं, “कॅशे” निदान मेमरीत ठेवतं आणि पंधरा मिनिटांनी विसरतं.

सर्टिफिकेटची तक्रार दोन प्रकारची असते. “नॉट येट व्हॅलिड” म्हणजे जवळपास नेहमीच मशिनचं घड्याळ मागे गेलेलं. जुन्या लॅब मशिनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते. “लोकल इश्युअर” सापडत नाही असं आलं तर ऑफिसचा प्रॉक्सी मध्ये बसून आपलं सर्टिफिकेट लावतो आहे. आयटीवाल्यांकडून ते मूळ सर्टिफिकेट घेऊन “एचटीटीपी.एसएसएलसीएइन्फो” ला त्याचा मार्ग द्या, विंडोजवर “एचटीटीपी.एसएसएलबॅकएंड” ला “एसचॅनल” केलं की विंडोजची स्वतःची यादी वापरली जाते. “एसएसएलव्हेरिफाय” बंद करणं हा उपाय नव्हे. ते एकदा ग्लोबल बंद केलं की कायमचं बंद राहतं, आणि पुढची प्रत्येक उतरवण व टोकन वाटेतल्या कुणालाही उघडं पडतं.

उतरल्यावर दिसणाऱ्या विचित्र गोष्टी

विंडोजवर कर्नल क्लोन केला की काही न करता “गिट स्टेटस” बदललेल्या फाइली दाखवतो. नेटफिल्टर (कर्नलमधली नेटवर्कची गाळणी) याच्या हेडर फाइलींत एकाच नावाच्या, फक्त मोठ्या-लहान अक्षरांचा फरक असलेल्या जोड्या आहेत. विंडोज आणि मॅक दोघंही बहुधा त्यांना एकच समजतात, म्हणून एक फाइल दुसरीवर बसते. क्लोनच्या शेवटी गिट मार्ग आदळल्याचा इशाराही देतं. शिवाय नुव्हो या एनव्हिडिया कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये “ऑक्स.सी” नावाची फाइल आहे, आणि “ऑक्स” हे नाव विंडोजने डॉसच्या काळापासून राखून ठेवलेलं आहे. कर्नलवर काम करायचं तर डब्ल्यूएसएल२ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घ्या आणि क्लोन त्याच्या आतल्या होम फोल्डरमध्ये करा, सी ड्राइव्हवर नको.

एखादं मॉडेल किंवा चित्र उघडत नाही, आणि फाइलचा आकार जेमतेम १३० बाइट्स? एडिटरमध्ये उघडा. “व्हर्जन”, “ओआयडी”, “साइझ” अशा तीन ओळी दिसल्या तर ती एलएफएसची (जड फाइली वेगळ्या साठवणारी गिटची जोड) चिठ्ठी आहे, खरी फाइल नव्हे. गिट एलएफएस बसवून “गिट एलएफएस पुल” करा. उलट त्या जड फाइली नकोच असतील तर क्लोनआधी “गिट_एलएफएस_स्किप_स्मज=१” लावा. रिकामी फोल्डरं दिसली तर ते सबमॉड्यूल (रेपोच्या आत जोडलेले दुसरे रेपो): “गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह”. वेबपानावरच्या “डाउनलोड झिप” मध्ये इतिहास नसतो आणि सबमॉड्यूलही नसतात, म्हणून आवृत्ती क्रमांक गिटला विचारणाऱ्या बिल्ड स्क्रिप्ट त्यावर अडखळतात.

वीज गेली आणि क्लोन करता करता मशिनच बंद पडलं, तर गिटला साफसफाईची संधी मिळत नाही. “.गिट/ऑब्जेक्ट्स/पॅक” मध्ये “टीएमपी_पॅक” ने सुरू होणारी जाडजूड फाइल पडून राहते. क्लोनचं असं फोल्डर पूर्ण काढून टाका, त्यातून काही वाचत नाही. पायऱ्यांच्या फेचमध्ये मात्र फक्त ती एक फाइल निकामी असते. “गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही” मध्ये “साइझ-गार्बेज” पाहा, दुसरं कुठलं गिट त्याच रेपोत चालू नाही ना याची खात्री करा, “गिट प्रून --एक्स्पायर=नाऊ” द्या, आणि ज्या टॅगवर होता तिथूनच पुढची पायरी चढा.